घाटात फुगलेल्या काचा

"ताई, माल बोलायला लागलाय."

लॉरीच्या ड्रायव्हरचा हा फोन आला तेव्हा ठिणगी स्वतःच्या घराच्या भिंतीतल्या भल्यामोठ्या भगदाडासमोर उभी होती. सकाळपर्यंत तिथे खिडकी होती. आता तिथून थेट समोरचा डोंगर दिसत होता आणि त्याच्या माथ्यावर साचत चाललेलं करडं आभाळ. उपटलेली जुनी चौकट दारात आडवी पडली होती. तिच्या किडलेल्या लाकडाचा भुगा वाऱ्याने उडून थेट सासूच्या अंथरुणापर्यंत येत होता.

"बोलायला लागलाय म्हणजे काय?"

"म्हणजे मागून टक्क टक्क असा आवाज येतोय. मधेच करकर. दोर सैल झाला असेल म्हणून उतरून बघितलं, तर दोर घट्ट. चहाच्या टपरीच्या वळणावर थांबलोय. पुढे आणू की नको, एवढं सांगा. वर येऊन फुटलं तर माझ्या माथी नको."

"जागचे हलू नका. मी येते खाली."

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे. गावातल्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. उकळत्या पाण्यात हात घालणाऱ्या बायकांना हातमोजे मिळेनात, तेव्हा हिने एक दिवस ओल्या चादरींचा ढीग हॉटेलच्या मुख्य दारात नेऊन टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांसमोर त्याच्यावर मांडी घालून बसली. संध्याकाळच्या आत हातमोजे आले. तेव्हापासून मॅनेजर तिला ठिणगी म्हणायला लागला, शिवी म्हणून. गल्लीने ते नाव उचललं, कौतुक म्हणून. शाळा अर्धवट सुटली होती, पण कागदावर बारीक अक्षरात काय लपवलंय ते तिला बरोबर वास काढून सापडायचं. राग मात्र कायम नाकावर. आणि मान खाली घालून कुणाला काही विचारणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी सगळं घोडं तिथेच अडलं.

तर खिडक्यांचं असं होतं. त्यांची गल्ली उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी, वारा तोंडावर घेणारी. घरांच्या खिडक्या आजोबांच्या काळातल्या, एकेरी काचेच्या. थंडी सुरू झाली की फटींतून शिट्ट्या वाजायच्या. लोक फटीत चिंध्या कोंबायचे, वर चिकटपट्टी लावायचे, त्यावर जाड पडदे सोडायचे, आणि तरी शेगडीत टाकलेल्या दर तीन ढलप्यांतली एक सरळ बाहेरचं आभाळ तापवायला जायची. गल्लीसमोरच्या हॉटेलात पाहुणे दुहेरी काचेच्या आत बसून बर्फ बघायचे, हे बर्फ पांघरून झोपायचे. ठिणगीच्या सासूला दमा. मागच्या हिवाळ्यात ती दोनदा निळी पडली होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, औषध मी देतो, पण आधी ती खिडकी बदला.

गावात काचेचं दुकान एकच. काचवाले शेठ म्हणजे त्या धंद्यातले राजे. दुहेरी काचेच्या एका खिडकीचा त्यांचा दर ऐकून ठिणगीने विचारलं होतं, "सोन्याची चौकट आहे का?" शेठ हिशेबाच्या यंत्रावरून नजर न काढता म्हणाले, "परवडत असेल तर घ्या." झालं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आठवडाभरात तिने खालच्या सपाटीवरचा एक कारखाना शोधून काढला. दर निम्म्याहून जरा वर, पण अख्ख्या गल्लीने एकत्र माल घेतला तर. मग ती दारोदार फिरली. निवृत्त पोस्टमनमामांनी आपल्या शिलकीतून दिले, शिवणवालीने लेकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले दिले. आणि ठिणगीने शेठच्या दुकानासमोरच्या खांबाला फलक बांधला: इथे काच नव्हे, खिसा कापला जातो.

घाट बंद व्हायच्या आत लॉरीची ही शेवटची फेरी होती. खालून मिस्त्रीही एकाच दिवसाच्या बोलीवर आले होते. म्हणून ठिणगीनेच फर्मान काढलं, लॉरी पोचायच्या आत जुन्या खिडक्या काढून ठेवा, म्हणजे माल आला की धडाधड बसवता येईल. सकाळपासून गल्लीत नुसती ठोकाठोक चालली होती. आता एकाही घराला वाऱ्याच्या बाजूने खिडकी उरली नव्हती, आणि रात्री बर्फ पडणार असं हॉटेलातला टीव्ही सकाळपासून सांगत होता.

पाण्याचा टँकर खाली निघाला होता, त्यात ती चढली. घाटाच्या पहिल्या वळणावर पोस्टमनमामांचा फोन आला.

"ठिणगे, कुठे पळालीस? मिस्त्री तिसरा चहा पिताहेत. गाडी कुठे आहे?"

"घाटात गर्दी आहे मामा. येतेय."

का खोटं बोलली, तिलाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. गल्लीने तिच्या पावतीवर नव्हे, शब्दावर भिंती फोडल्या होत्या.

टपरीच्या वळणावर लॉरी भर उन्हात उभी होती. ड्रायव्हरने ताडपत्री अर्धी दुमडली होती. तो जाडजूड, शांत माणूस होता, पण मालाकडे पाठ करायला घाबरत होता. ठिणगी वर चढली. काचा उभ्या रचलेल्या, मधे पुठ्ठे, प्रत्येकीवर घराची खूण. तिने पहिल्या काचेवर तळवा ठेवला. चादरींच्या घड्या पारखलेला तिचा हात. काच सपाट नव्हती. फुगलेल्या पोटासारखी बाहेर आली होती, दोन्ही बाजूंनी.

तेवढ्यात मागे कुठेतरी टक्क झालं, आणि न्हाणीघराच्या एका छोट्या काचेत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ धावत गेली.

"ही तिसरी," ड्रायव्हर म्हणाला. "सगळ्या छोट्याच चालल्यात. मोठ्या नुसत्या फुगताहेत."

तिने कारखान्याला फोन लावला. तिथला माणूस थंडपणे म्हणाला, "बाई, माल इथून निघाला तेव्हा ठीक होता. ट्रकमध्ये काय झालं त्याला आम्ही काय करणार?" आणि ठेवून दिला.

ठिणगीने मान वर केली. टपरीच्या छपराला वेफर्सच्या पाकिटांच्या माळा टांगल्या होत्या. सगळी पाकिटं टम्म. फोडताना फट्ट आवाज होतो म्हणून गावातली पोरं घाटातल्या पाकिटांसाठी भांडायची. तीही भांडली होती लहानपणी. खालच्या दाट हवेत बंद केलेलं पाकीट वरच्या विरळ हवेत आलं की फुगतं, यात डोंगरातल्या माणसाला नवल ते काय? आणि तिने अख्ख्या गल्लीची काचेची पाकिटं खाली बंद करून वर मागवली होती.

ती लॉरीवरून खाली उतरली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "आधी गाडी सावलीत घ्या. कड्याच्या पोटाशी. तापली तर आणखी फुगतील."

"आणि मग?"

"मग कळवते."

विचारायचं कुणाला आणि काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावात दुहेरी काचा वर्षानुवर्षं न फुटता आणणारा माणूस एकच होता. नंबर लावायला तिच्या अंगठ्याला जेवढा वेळ लागला, तेवढा तिला मोर्चात पोलिसांसमोर उभं राहायलाही कधी लागला नव्हता.

"बोला, मोर्चेवाल्या बाई," शेठ म्हणाले.

"शेठ, तुमच्या काचा वर कशा येतात?"

"गाडीतून."

"चेष्टा नको. माझ्या फुगल्यात. तीन फुटल्या."

पलीकडे हिशेबाच्या यंत्राची टकटक थांबली. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. "नळी न घालता मागवल्यास ना? कडेला सुईएवढी नळी ठेवायला सांगावी लागते कारखान्याला. चढताना त्यातून हवा निघते. वर आल्यावर नळी बुजवायची."

"तुम्हाला माहीत होतं. मी खालून माल मागवतेय हेही माहीत होतं."

"अख्ख्या गावाला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का? दुकानात पाय ठेवलास तोच ओरडत. वर तो फलक. माझ्या सुनेने जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. घास उतरला नाही मला."

तिच्या जिभेवर बरंच काही आलं. खालून दरीतून एक ढग हळूहळू कडा पकडत वर यायला लागला होता, तो तिने बघितला, आणि जिभेवरचं गिळलं.

"गल्लीच्या खिडक्या उपटून झाल्यात, शेठ. यायला काय घ्याल?"

"पहिलं म्हणजे फलक उतरव."

"उतरवते."

"आणि भोकाला पैसे पडतील. दर काचेमागे." त्यांनी आकडा सांगितला.

"अर्धे."

शेठ खोकले की हसले, ते कळेना. "बुडतानाही घासाघीस करशील तू."

"बुडतेय ती गल्ली. मी नुसती पुढे उभी आहे."

शेठ जीप घेऊन आले ते कानटोपी घालून, दोन ड्रिल आणि गोंदाच्या नळकांड्यांची पेटी घेऊन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. लॉरीवर चढले, काचेची कड चाचपली, दोन काचांमधल्या पोकळ पट्टीवर बोट ठेवलं आणि बारीक सुई लावलेलं ड्रिल त्यात घातलं. काळ्या गोंदातून, पत्र्यातून सुई पार झाली आणि काच सुस्कारली. अगदी माणसासारखी. एवढा वेळ रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखी. ठिणगीने तळवा लावला. पोट हळूहळू बसत होतं.

"बघून ठेव," शेठ म्हणाले. "सुई तिरकी गेली तर काच गेली."

दोन काचा बघितल्यावर तिने दुसरं ड्रिल उचललं. पहिल्या वेळी सुई दोनदा टेकवली आणि दोनदा उचलली. ड्रायव्हरने काच मांडीला टेकवून धरली होती. तो म्हणाला, "ताई, इस्त्री समजा." सुई सरळ गेली.

मधेच तिने विचारलंच. "शेठ, या नळीची किंमत किती असते?"

"एक चहा."

"मग तुमचा दर दुप्पट कशाचा?"

शेठनी सुई पुसली. "थोडा घाटाचा. थोडा फुटतुटीचा."

"आणि उरलेला?"

"उरलेला धंदा," ते म्हणाले, आणि पुढची काच ओढली. निदान खोटं बोलले नाहीत.

सगळ्या काचांना भोकं पडली तेव्हा ढग टपरीच्या खाली येऊन ठेपला होता. शेठनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "आता नीट ऐक. गाडी चढत असेल तोवर हवा बाहेरच येत राहील, काळजी नाही. पण वर पोचलीस, ऊन गेलं, काच गार पडली, की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओढून घेते. तेव्हा बाहेर धुकं असेल तर धुकं आत जाईल. एकदा गेलं की गेलं. मधली काच काही पुसता येत नाही. सुस्कारा थांबला की लगेच भोक बुजवायचं. आधी नाही, नंतर नाही."

लॉरी गल्लीच्या पायथ्याशी थांबली. वर पायऱ्या, लॉरी जाणार नाही. लोक अंगावर शाली घेऊन उभेच होते. पोस्टमनमामा पुढे आले, त्यांच्या मागे शिवणवाली, तिच्या कडेवर टोपडं घातलेलं नातवंड. शेठना जीपमधून उतरताना बघून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"हे इथे कसे?" मामांनी विचारलं. "आणि गर्दी कसली होती घाटात?"

तिला दुसरी थाप सुचत होती. सुचणारच, जीभ तिची होती. तिने ती तोंडातच मोडली.

"गर्दी नव्हती मामा. मी खोटं बोलले. काचा खाली बंद केलेल्या, त्या वर येताना फुगल्या. मागवताना कडेला नळी ठेवायला सांगायची असते, ते मी विचारलं नाही. छोट्या काही फुटल्यात. बाकीच्यांना भोकं पाडून आणलंय. कारखान्याची हमी गेली. आता हे ढग पोचायच्या आत भोकं बुजवली नाहीत तर काचेत धुकं बसेल, कायमचं."

मामा लॉरीतल्या काचांकडे बघायला लागले. मग शिवणवाली बोलली, आवाज न चढवता. तेच जास्त लागलं. "तुझ्या तोंडाकडे बघून आम्ही भिंती फोडल्या गं. लेकीचे होते ते."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणते. रात्री बर्फ पडणार, आणि हिला माहीत आहे."

"वहिनी, मला नंतर हवं तेवढं बोला. उद्या दारात येऊन बोला. आत्ता काच धरा."

शिवणवालीने तिच्याकडे एकदा बघितलं, नातवंड शेजारणीच्या हातात दिलं आणि लॉरीकडे हात पसरले. बस. मग गल्ली हलली. पायऱ्यांवर माणसांची रांग लागली, काचा हातोहात वर जायला लागल्या. प्रत्येक दारात एक जण काचेच्या कडेला कान लावून बसला, भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा. "थांबला," अशी हाक आली की शेठ किंवा ठिणगी धावायची, कोरड्या फडक्याने कड पुसायची, भोकात गोंद सारायची, वर पत्र्याची पट्टी दाबून धरायची. लगेच मिस्त्री काच उचलून चौकटीत बसवायचे.

ठिणगीच्या घरची काच लॉरीत सगळ्यांत पुढे, दाराशीच होती. माल तिच्या नावावर होता ना. रांगेतल्या पहिल्या माणसाने ती उचलली तेव्हा शेठ म्हणाले, "म्हातारी कशी आहे? हिचीच पहिली घ्या."

वरून, उघड्या भगदाडातून, सासूचा खोकला ऐकू येत होता. सगळ्यांनाच येत होता. ठिणगीने काचेची कड पकडली. क्षणभर तिची बोटं काही सुटेनात. मागच्या हिवाळ्यातला तो निळा चेहरा तिने बघितला होता, तिनेच तासन्‌तास पाठ चोळली होती. घे पहिली, कोण काय म्हणणार आहे? खरंच कुणी काही म्हणालं नसतं.

"ही शेवटी," ती म्हणाली. काच तिने भिंतीला टेकवून ठेवली. "वहिनींची आधी. बाळ आहे घरात."

"मूर्ख आहेस," शेठ म्हणाले.

"असेन. गोंद द्या."

पोस्टमनमामा न सांगता तिच्या घरात गेले आणि सासूचं अंथरूण भगदाडापासून लांब, शेगडीजवळ ओढलं. गादी उभी करून आडोसा केला. मग दारात येऊन ओरडले, "तुझी सासू मला विचारतेय, नवीन खिडकी अशीच असते का, नुसती हवा?" रांगेत कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने पायऱ्यांवरचे पाय जरा भरभर उचलले गेले.

ऊन डोंगराआड गेलं तेव्हा बहुतेक घरं झाली होती. ढग गल्लीच्या खालच्या पायरीवर आला, मग दुसऱ्या, मग तो कुणाला न विचारता घराघरांतून फिरायला लागला. दिवे पिवळे पडले. मामांच्या घरची काच बुजवून ठिणगी धावत आली, तेव्हा भिंतीला टेकवलेल्या तिच्या काचेवर बारीक थेंब जमले होते. तिने गुडघ्यावर बसून कडेला कान लावला. सुस्कारा नव्हता. उलट अगदी बारीक, आत ओढल्यासारखा एक आवाज होता. काच श्वास घेत होती.

तिने फडक्याने कड पुसली. फडकंच ओलं होतं. शेठनी आपली कानटोपी काढली, आतली कोरडी बाजू बाहेर केली आणि पुढे धरली. तिने पुसलं, गोंद सारला, पट्टी दाबून धरली, बोटांतला जीव जाईपर्यंत. मिस्त्रींनी काच चौकटीत बसवली. भिंत बंद झाली आणि घरातला वारा एकदम गप्प झाला. इतका गप्प, की सासूच्या छातीतली घरघर ऐकू आली, आणि मग ती घरघर हळूहळू संथ होत गेलेलीही ऐकू आली.

ज्या घरांच्या छोट्या काचा गेल्या होत्या त्यांनी न्हाणीघरांना फळ्या मारल्या. त्या काचांचा खर्च ठिणगीने आपल्या पगारातून फेडायचं कबूल केलं. शिवणवाली दुसऱ्या दिवशी खरंच दारात आली, आणि बोलायचं ते सगळं बोलली. ठिणगीने उभं राहून ऐकून घेतलं. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं. बोलून झाल्यावर शिवणवाली चहाला बसली.

फलक तिने बोलल्याप्रमाणे उतरवला. रिकाम्या खांबाकडे बघत शेठना दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिथे नवा फलक होता: दर सांगता, तसं कारणही सांगा. शेठनी तो वाचला, आत गेले, आणि काही वेळाने दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली. काच एवढी, वाहतूक एवढी, फुटतूट एवढी. शेवटच्या ओळीत 'धंदा' असं लिहून पुढचा आकडा मात्र त्यांनी कोरा ठेवला होता. ठिणगी रोज कामावर जाताना त्या कोऱ्या जागेकडे बघते. एक दिवस भरून घेईन म्हणते.

बर्फाच्या पहिल्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून डोंगर स्वच्छ दिसत होता. ठिणगीच्या घरात तो दुधाच्या सायीमागे ठेवल्यासारखा दिसत होता. सासू शाल गुंडाळून खिडकीशी बसली होती, मागच्या वर्षी या दिवसांत ती अंथरुणातून उठूही शकत नव्हती. हातात फडकं होतं. आतून पुसून झालं होतं. आता ती दारापाशी जायला निघाली होती, बाहेरून पुसायला.

"राहू द्या आई. बाहेरून नाहीये ते."

"आतून तर मी आत्ता पुसलं."

"आतूनही नाही. मधे आहे."

सासूने काचेला नाक लावून बघितलं. मग सुनेकडे बघितलं. "बाकीच्यांच्याही अशाच आहेत का?"

"नाही. आपलीच."

 म्हातारीने फडकं झटकून त्याची घडी घातली, खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढली आणि म्हणाली, "बरं आहे. त्या समोरच्या हॉटेलवाल्यांना आपण काय खातो ते दिसायचं नाही."